घड्याळाच्या साखळीसाठी फॉब निवडताना

खिशातलं घड्याळ घेतलं, साखळीही घेतली, की थोड्याच दिवसांत लक्षात येतं: साखळीला दोन-चार कड्यांचा एक जादा तुकडा आहे आणि तो नुसताच खाली लोंबतोय. ती जागा फॉबची. फॉब म्हणजे साखळीला लटकणारी शोभेची वस्तू: मोहोर (लाखेवर ठसा उमटवायचा शिक्का), पदक, छोटं होकायंत्र, किल्ली, खडा, नाणं, काहीही.

बहुतेक नवखे लोक दिसायला छान वाटलं ते उचलतात आणि थोड्या दिवसांनी तो फॉब खणात जाऊन पडतो. घड्याळ वेळ सांगतं, साखळी घड्याळ पडू देत नाही. फॉबला आज असं कुठलंच काम उरलेलं नाही, त्यामुळे त्याने निदान तुमच्याबद्दल काहीतरी सांगावं एवढी अपेक्षा रास्त आहे. म्हणून इथे धातू, खडा, हॉलमार्क या गोष्टी नंतर येतील. आधी साखळी पाहायची, मग अर्थ ठरवायचा.

१. तुमची साखळी कोणती?

सर्वांत जास्त आढळते ती अल्बर्ट साखळी. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या नावावरून ती ओळखली जाते. सिंगल अल्बर्टच्या एका टोकाला घड्याळ अडकवायचा फिरता आकडा असतो आणि दुसऱ्या टोकाला आडवी दांडी, जिला टी-बार म्हणतात. ही दांडी वेस्टकोटच्या काजातून आत सरकवून आडवी केली की साखळी पक्की बसते. फॉबचा लोंबता तुकडा या टी-बारजवळच असतो, म्हणजे फॉब काजाच्या खाली, अगदी समोर दिसतो.

डबल अल्बर्टमध्ये टी-बार मधोमध येतो आणि साखळी दोन्ही खिशांत जाते. एका टोकाला घड्याळ. दुसऱ्या टोकाला पूर्वी काड्यांची चपटी धातूची डबी, सॉव्हरिन ही ब्रिटिश सोन्याची नाणी ठेवायची डबी, पेन्सिल किंवा सिगार कापायचं कातर असे. इथे एक गल्लत नेहमी होते. दुसऱ्या खिशात जाणारी वस्तू वेगळी आणि मध्ये लटकणारा फॉब वेगळा. खिशातल्या वस्तूचं काम साखळीला तोल देणं, त्यामुळे ती जड असली तरी चालते. फॉब सतत बाहेर असतो, तो जड चालत नाही.

अल्बर्टच्या आधीची पद्धत निराळी होती. अठराव्या शतकात घड्याळ विजारीच्या कमरेजवळच्या लहान खिशात राहायचं आणि त्याची फीत किंवा आखूड साखळी बाहेर लोंबायची. तिच्या टोकाचा फॉब धरून घड्याळ वर ओढायचं. म्हणजे तेव्हा फॉब ही मूठ होती. शौकीन मंडळी तर मोहोरा आणि किल्ल्यांचा अख्खा झुबका लटकवून फिरत. अमेरिकेत पुढे कातडी पट्टा आणि त्याला धातूचा चपटा फॉब हा प्रकार चालला, आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या जाहिरातीसाठी असे फॉब वाटत. तुमच्याकडे अशी फीत किंवा पट्टा असेल तर नाजूक लोलक उपयोगाचा नाही. बोटांच्या चिमटीत येईल असा, जरा वजनदार आणि गुळगुळीत कडांचा फॉब लागेल.

वेस्टकोट घालत नसाल तरी अडत नाही. कोटाच्या कॉलरच्या काजात अडकणारी साखळी वरच्या खिशात घड्याळ सोडते. पट्ट्याला चिमट्याने लावायची साखळी असते. जीन्सच्या उजव्या खिशावरचा छोटा खिसाही मुळात घड्याळासाठीच होता. मात्र कमरेजवळ लटकणारा फॉब खुर्चीच्या हातांना, टेबलाच्या कडांना आपटत राहतो. तिथे मऊ खडा किंवा काच नको, सरळ धातू घ्या.

२. एका वाक्यात सांगता येईल असा अर्थ

फॉब लावला की कोणीतरी विचारतंच, “हे काय आहे?” त्यावर तुमचं उत्तर काय असेल ते खरेदीच्या आधी लिहून काढा. एक वाक्य, फार तर दोन. “नांगर म्हणजे आशेचं प्रतीक” हे उत्तर झालं नाही, ती विक्रेत्याने लिहिलेली ओळ झाली. “वडील पस्तीस वर्षं जहाजावर होते” हे उत्तर झालं. नांगर दोन्हीकडे तोच आहे.

चिन्हांचे ठरीव अर्थ निरुपयोगी असतात असं नाही. व्हिक्टोरियाकालीन लोकांना ते तोंडपाठ असत. शेपूट तोंडात धरलेला साप म्हणजे अनंत काळ, नांगर म्हणजे आशा, फर्गेट-मी-नॉटची निळी फुलं म्हणजे आठवण. खड्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून शब्दही बनवत; रूबी, एमराल्ड, गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, रूबी, डायमंड अशी ओळ लावली की ‘रिगार्ड’, म्हणजे आदर. गंमतीचा प्रकार आहे, आणि तुमच्या माणसाला तो उलगडणार असेल तर आजही करण्यासारखा आहे. पण अर्थ फक्त तक्त्यातून आलेला असला की तो लवकर विरतो, असं माझं मत आहे.

अर्थ सापडत नसेल तर बाजारात शोधू नका, घरात शोधा. मोडलेल्या जोडीतलं एक कर्णफूल. शिंप्याचं अंगुस्तान. विकलेल्या घराची किल्ली. छापखान्यातला एक खिळा, म्हणजे जुळणीचं अक्षर. गणवेशाचं धातूचं बटण. बंद पडलेल्या घड्याळातलं चाक. यातल्या बऱ्याच वस्तूंना सोनाराकडून एक कडी झाळून घेतली की फॉब तयार होतो. खिळ्याच्या बाबतीत एक पथ्य आहे. त्यात शिसं असतं, तो मऊ असतो आणि हाताळायलाही बरा नाही, तेव्हा त्याचा साचा काढून चांदीत ओतून घ्यावा. मूळ वस्तू डब्यात जपून ठेवा.

दुसऱ्याचं चिन्ह मात्र जपून वापरा. जुन्या बाजारात फ्रीमेसन या बंधुसंघटनेतल्या मंडळींचे गुण्या आणि कंपास असलेले फॉब खूप मिळतात. त्यांचाच एक सोन्या-चांदीचा छोटा गोळा असतो, जो उघडला की त्याचा क्रूस होतो आणि आत खुणा कोरलेल्या दिसतात. कारागिरी म्हणून मन मोहून जातं. पण सभासद नसताना ते छातीवर मिरवणं म्हणजे न मिळालेली पदवी नावापुढे लावणं. अमेरिकेत १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झालेल्या फाय बीटा कॅपा या संस्थेची खूण तर घड्याळाच्या किल्लीच्या आकाराचीच आहे, आणि ती निवडून आलेल्या सभासदालाच मिळते. लष्करी पदकांनाही हेच लागू. आजोबांचं पदक असेल तर ते आजोबांचं आहे हे सांगून लावा. संग्रहात ठेवायला यातलं काहीही चालेल.

३. घाट कोणता

अर्थ ठरला की तो कोणत्या रूपात बसतो ते पाहायचं. इथे मी मोहोरेवर जरा रेंगाळणार आहे, कारण फॉबच्या दुनियेतला सर्वांत समृद्ध प्रकार तोच आहे.

मोहोरेच्या फॉबला वर कडी, मध्ये नक्षीदार दांडा आणि खाली सपाट खडा असतो. खड्यात आद्याक्षरं, कुळचिन्ह, एखादा पक्षी किंवा बोधवाक्य खोल आणि उलटं कोरलेलं असतं, म्हणजे लाखेवर ते सुलटं आणि उठावदार उमटतं. यासाठी लाल कार्नेलियन, हिरव्यावर लाल ठिपके असलेला ब्लडस्टोन, अकीक, अ‍ॅमेथिस्ट, सिट्रीन असे खडे वापरत. हे सगळे क्वार्ट्‌झच्या घराण्यातले, कठीणपणाच्या मोह्‌स मापावर साधारण ७. नाजूक रेषा टिकतात आणि गुळगुळीत कार्नेलियनला गरम लाख सहसा चिकटत नाही.

मोहोर हातात आली की खिडकीजवळ जा आणि खडा असा तिरका धरा की उजेड पृष्ठभागावरून घसरेल. सरळ पाहिलं तर जे नुसतं ओरखड्यांचं जाळं दिसतं, ते तिरक्या उजेडात एकदम पिसं, चोच, अक्षरं होऊन उभं राहतं. मग मुलांच्या खेळायच्या मऊ मातीचा गोळा चपटा करून त्यावर मोहोर दाबा. ठशात रेषेच्या कडा धारदार असतील तर कोरीव काम हाताने, चाकाने केलेलं असण्याची शक्यता जास्त. सगळ्या कडा गोलसर, साबण झिजल्यासारख्या आल्या, खोलगट भागात बारीक बुडबुडे दिसले, तर ती साच्यात ओतलेली काच समजा. काचेची मोहोर वाईट नाही, जुन्या काळीही बनत असे, फक्त खड्याच्या भावाने घेऊ नका. लाखेवर खरोखर वापरायची असेल तर मोहोर आधी बर्फाच्या खड्यावर क्षणभर टेकवून पुसून घ्या, लाख थोडी दाट होऊ द्या, सरळ दाबा आणि लाख गोठेपर्यंत हलवू नका.

मोहोरेचाच चुलतभाऊ म्हणजे फिरता फॉब. कमानीत बसवलेला खडा दोन्ही बाजूंना फिरतो, बहुधा एका अंगाला कार्नेलियन आणि दुसऱ्याला ब्लडस्टोन. बोटांना चाळा हवा असणाऱ्यांसाठी उत्तम. फक्त दोन्हीकडच्या खिळी ढिल्या नाहीत ना ते पाहा.

किल्ली हा दुसरा जुना प्रकार. पूर्वी घड्याळाला चावी द्यायची तर वेगळी छोटी किल्ली लागे, आणि ती हरवू नये म्हणून साखळीलाच लटकवत. १८४० च्या दशकात आद्रियाँ फिलिप यांनी डोक्यावरच्या बटणाने चावी द्यायची रचना काढली आणि हळूहळू किल्लीचं काम संपलं. तुमचं घड्याळ किल्लीचं असेल तर किल्लीच फॉब करा, याहून समर्पक काही नाही. मात्र तिचं चौकोनी भोक घड्याळातल्या चौकोनी दांडीला नेमकं बसलं पाहिजे. सैल किल्ली त्या दांडीचे कोपरे खाते.

पदकं विपुल मिळतात. ढालीच्या आकाराची चांदीची, मध्ये सोन्याचा पातळ पत्रा, मागे नाव आणि वर्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये फुटबॉल, क्रिकेट, पोहणं, इतकंच काय पण बागकामाच्या स्पर्धांनाही अशी पदकं देत. ज्यांना नवीन मजकूर कोरायचा आहे त्यांनी मधली जागा कोरी असलेलं पदक शोधावं. दुसऱ्याचं नाव असलेलं घेतलंत तर ते तसंच राहू द्या. कुणा अनोळखी माणसाने शंभर वर्षांपूर्वी पोहण्यात मिळवलेलं बक्षीस तुमच्या साखळीवर असणं हीसुद्धा एक गोष्ट आहे, आणि ती पुसून टाकण्यापेक्षा सांगण्यासारखी आहे.

नाण्याचा फॉब करायचा तर नाण्याला भोक पाडू नका आणि कडी झाळू नका. दोन्हींनी नाण्याचं संग्राह्य मूल्य जातं. कडेभोवती बसणारी, स्क्रूने आवळायची चौकट मिळते, ती घ्या. चौकट नाण्याच्या नेमक्या व्यासाची लागते. ब्रिटिश सॉव्हरिन २२.०५ मिलिमीटरचं आणि ७.९८ ग्रॅमचं, अर्धं सॉव्हरिन १९.३० मिलिमीटरचं. इथे अर्ध्या मिलिमीटरची ढिलाईसुद्धा चालत नाही, कारण नाणं आत फिरत राहिलं की कडा घासल्या जातात.

होकायंत्राच्या फॉबचं आकर्षण सगळ्यांना असतं. लोखंड-पोलाद जवळ असलं की सुई भरकटते, तेव्हा दिशा पाहायची तर ते घड्याळापासून दूर धरा. त्यातली सुई इवलीशी असते, तिच्या चुंबकाने घड्याळ बिघडायची भीती नाही. मात्र चुंबकाने बंद होणाऱ्या आधुनिक कड्या साखळीवर कुठेच नकोत. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं.

राहिलं उघडझाप करणारं लॉकेट. त्यात फोटो, केसांची बट, घडी घातलेली चिठ्ठी. १८६१ मध्ये अल्बर्ट वारल्यानंतर राणीने शोकाची वेशभूषा शेवटपर्यंत सोडली नाही, आणि काळ्या जेटचे, केसांच्या विणकामाचे दागिने जोरात चालले. जेट म्हणजे दगड झालेलं प्राचीन लाकूड, इंग्लंडमधल्या व्हिटबीचं नावाजलेलं. हाताला ते हलकं आणि कोमट लागतं. ‘फ्रेंच जेट’ नावाने मिळते ती काळी काच, ती जड आणि गार लागते.

४. आकार आणि वजन

यावर फार बोलण्यासारखं नाही, पण चुका इथेच सर्वांत जास्त होतात, कारण फोटोत सगळे फॉब सारख्याच मापाचे दिसतात. वर्णनातली मिलिमीटर कागदावर आखून तो तुकडा कापा आणि साखळीला अडकवून आरशात पाहा. साधारण २० ते ३० मिलिमीटर उंची बहुतेक साखळ्यांना शोभते. जाड कड्यांच्या साखळीला थोडा मोठा चालतो, बारीक विणीच्या साखळीला तो ओबडधोबड दिसतो.

वजनासाठी तेवढ्याच वजनाची एखादी किल्ली दोऱ्याने बांधून दिवसभर वावरा. वाका, बसा, जिने चढा. काज ओढलं जात असेल, वेस्टकोटची बटणपट्टी तिरकी होत असेल तर वजन जास्त आहे. चालताना फॉब सारखा उलटा-पालटा होत असेल तर फार हलका आहे किंवा कडी चुकीच्या दिशेने लावलेली आहे. चपट्या पदकाची कडी पदकाच्या पातळीत हवी की काटकोनात, हे तुमच्या शेवटच्या कडीवर अवलंबून असतं. मध्ये एक जादा कडी घातली की पदक पाव वळण फिरतं आणि सरळ समोर पाहू लागतं.

एका वेळी एकच फॉब लावा. दोन फॉब एकमेकांवर आपटून दोघेही खराब होतात आणि लोक दोन्हींपैकी एकाबद्दलही विचारत नाहीत.

५. धातू आणि खडा

साखळी आणि फॉब एकाच धातूचे असलेच पाहिजेत असा नियम नाही. चांदीच्या साखळीवर सोन्याचा पत्रा जडवलेलं पदक सुंदर दिसतं. फक्त कठीण कडी मऊ कडीला झिजवते हे ध्यानात ठेवा. पोलादाची कडी शुद्ध सोन्या-चांदीला थेट लावू नका.

आकडे वाचायला शिका. ९२५ म्हणजे स्टर्लिंग, ९२.५ टक्के शुद्ध चांदी. ३७५ म्हणजे ९ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ७५० म्हणजे १८ कॅरेट सोनं. ब्रिटिश वस्तूंवर याखेरीज तपासणी झालेल्या शहराची खूण असते. बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचं बिबट्याचं डोकं, चेस्टरच्या गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. शिवाय वर्षाचं अक्षर असतं, त्याचा तक्ता पाहून साल काढता येतं. यातून साधी पडताळणी जमते. ब्रिटनमध्ये ९ कॅरेटला मान्यता मिळाली १८५४ मध्ये, तेव्हा ३७५ चा शिक्का असलेला फॉब कोणी ‘१८२० सालचा’ म्हणून विकत असेल तर पुढे बोलायची गरज नाही. तसंच १५ कॅरेट, म्हणजे ६२५, हा शिक्का १८५४ ते १९३२ एवढ्याच काळातला. चेस्टरचं तपासणी कार्यालय १९६२ मध्ये बंद झालं.

‘रोल्ड गोल्ड’ म्हणजे हलक्या धातूवर दाबून बसवलेला सोन्याचा पातळ थर, आणि मुलामा त्याहूनही पातळ. रोजच्या वापरात कडीच्या आतल्या बाजूला तो आधी उडतो. तिथेच बघा.

खड्यांत क्वार्ट्‌झचे सगळे प्रकार रोजच्या वापराला योग्य. ओपल, फिरोजा, अंबर, मोती हे मऊ. कोटाच्या आत लपणाऱ्या फॉबला ठीक, पट्ट्याला लटकणाऱ्याला अजिबात नाही.

६. जुना फॉब घेताना

आधी कडी. वर्षानुवर्षं लटकून कडीचा वरचा भाग आतून झिजतो आणि सुतासारखा पातळ होतो. नखाने चाचपा. पातळ झाली असेल तर सोनार भर घालून देतो, पण ती किंमत धरून सौदा करा.

मग कोऱ्या जागेवर तोंडाची वाफ सोडा. पूर्वीचं नाव घासून काढलेलं असेल तर वाफ धरताना क्षणभर अक्षरांच्या सावल्या दिसतात, कधी जागा मधोमध बशीसारखी खोलगट लागते. अशा ठिकाणी पुन्हा खोल कोरायला धातू उरलेला नसतो.

जुन्याची नवी नक्कल ओळखायला हॉलमार्क भिंगातून पाहा. खरा हॉलमार्क पोलादी ठशाने ठोकलेला असतो, त्याच्या कडा स्वच्छ असतात. संपूर्ण वस्तूच साच्यात ओतली असेल तर हॉलमार्कही मऊ, भरल्यासारखा दिसतो, आणि बाजूने साच्याची बारीक रेघ जाते.

हस्तिदंत आणि सोन्यात मढवलेली वाघनखं जुन्या फॉबमध्ये भरपूर आढळतात. वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइटीस हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे, आणि देशोदेशीचे कायदे त्याहूनही कडक आहेत. ‘जुनं आहे, चालतं’ असं विकणारा सांगेल. त्याच्यावर विसंबू नका, हा प्रकार सोडूनच द्या.

७. त्यावर काय आणि कसं कोरायचं

कमी कोरा. फॉबवरची मोकळी जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. आद्याक्षर आणि वर्ष पुरे. लांब बोधवाक्य मागच्या बाजूला जाऊ द्या.

देवनागरीत कोरायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कोरीव काम करणाऱ्याच्या संगणकाला देवनागरीची जोडणी कळत नसेल तर अक्षरं फुटतात. तुम्ही ‘स्मिता’ असं टाइप करून पाठवता, आणि पडद्यावर स वेगळा पडून त्याला पाय मोडलेला दिसतो, वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता म च्या उजवीकडे जाऊन बसते. ज्याला लिपी येत नाही त्याला यात काही बिघडलंय हे कळतही नाही, आणि धातूवर उतरल्यावर इलाज नाही. म्हणून मजकूर कधीही नुसता टाइप करून पाठवू नका. चित्र म्हणून किंवा रेषांमध्ये बदललेली फाइल पाठवा, आणि प्रत्यक्ष मापाचा नमुना कागदावर मागवून डोळ्यांनी तपासा. दुसरी गोष्ट शिरोरेषेची. गोल पदकावर आखूड शिरोरेषा अधांतरी वाटते. एक तर ती कडेपासून कडेपर्यंत जाऊ द्या किंवा एकच अक्षर मोठं घ्या. वर्ष मराठी आकड्यांत असेल तर १ आणि ९ बारीक आकारात एकसारखे दिसतात, त्यांची वळणं ठळक करायला सांगा. मोहोर करत असाल तर नमुना आरशात धरून वाचा.

हाताने कोरलेली रेघ तळाशी निमुळती असते, त्यामुळे फॉब हलला की ती चमकते. लेझरचं काम नेमकं पण उथळ, रोज घासलं जाणाऱ्या वस्तूवर लवकर पुसट होतं. मुलामा दिलेल्या फॉबवर खोल कोरलं तर खालचा धातू उघडा पडतो, तेव्हा आधी कोरून मग मुलामा द्यायचा.

८. लावणं आणि सांभाळणं

फॉब हरवतो तो बहुतेक वेळा उघड्या तोंडाच्या साध्या कडीमुळे. साखळी आणि फॉब यांच्यामध्ये झाळून बंद केलेली कडी हवी, किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी वेढ्याची छोटी कडी. फॉब बदलत राहणार असाल तर टोकाला लहान फिरता आकडा बसवून घ्या. कडीवरून सुती दोरा फिरवून पाहा. दोरा कुठे अडकला तर तिथे फट आहे.

घड्याळाच्या खिशात फॉब टाकू नका, काचेवर आणि झाकणावर ओरखडे येतात. वेस्टकोट काढताना आधी घड्याळ खिशातून काढा, मग टी-बार काजातून सोडा. उलट केलंत तर घड्याळ साखळीसकट फरशीवर जाईल.

स्वच्छतेला मऊ कोरडा कपडा बस आहे. जुन्या मोहोरांचे खडे लाखेसारख्या चिकट पदार्थाने बसवलेले असतात, ते गरम पाण्यात सुटतात. चांदी उजळायच्या द्रावणात खड्याचा फॉब बुडवू नका, ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तर नकोच. नक्षीच्या खोबणीत साचलेला काळेपणा राहू द्या, त्यामुळेच नक्षी उठून दिसते. वरचेवर उजळलं की हॉलमार्कही झिजतो. ठेवताना चांदीचा फॉब वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा, रबराजवळ नको, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आणि वर्षातून एकदा घड्याळ तेलपाण्याला द्याल तेव्हा सोनाराकडून कड्याही तपासून घ्या.